शेळीला थायमिनची कमतरता: पहिल्या तासापासून कळपात परत जाईपर्यंतची शुश्रूषा

बकरी ईदच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत बोकडांचा खुराक झपाट्याने वाढवला जातो. मका, गहू, हरभरा, कधी शिळ्या पोळ्या, कधी गुळाचे पाणी असे जे जे वजन वाढवील ते गव्हाणीत पडत जाते आणि पाला-चारा मागे पडतो. अशा गोठ्यात एखादा धडधाकट बोकड सकाळी कळपापासून बाजूला उभा दिसतो, मान किंचित वर धरतो, भिंतीला धडकतो आणि संध्याकाळपर्यंत पाय ताणून आडवा होतो. मालकाला विषबाधा वाटते, शेजाऱ्याला झटका वाटतो, आणि अनेकदा असतो तो जीवनसत्त्व ब-1 म्हणजे थायमिनच्या अभावाने झालेला मेंदूचा आजार. पशुवैद्यकात त्याला पोलिओएन्सेफॅलोमलेशिया म्हणतात. माणसांच्या पोलिओशी त्याचा संबंध नाही आणि तो एका शेळीकडून दुसरीला लागतही नाही. लवकर ओळखला तर हा आजार उपचाराला उत्तम दाद देतो. उशीर झाला तर शेळी वाचली तरी आंधळी राहू शकते.

कमतरता येते कुठून

हा आजार बहुधा चाऱ्यात जीवनसत्त्व कमी असल्यामुळे होत नाही, आणि पुढचे सगळे उपचार या एका गोष्टीवर अवलंबून आहेत. रवंथ करणाऱ्या शेळीच्या कोटीपोटातील (पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटातील) सूक्ष्मजीव थायमिन स्वतः तयार करतात, त्यामुळे निरोगी शेळीला ते बाहेरून द्यावे लागत नाही. मात्र धान्य अचानक वाढले की कोटीपोटातील आम्लता वाढते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांची जागा असे जिवाणू घेतात की जे थायमिनेज नावाचे विकर तयार करून असलेले थायमिनही तोडून टाकतात. मेंदूच्या पेशींना ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी थायमिन लागतेच. ते संपले की मेंदूला सूज येते आणि त्याचा बाहेरचा करडा थर मरू लागतो.

धान्य हे सर्वांत नेहमीचे कारण असले तरी ते एकमेव नाही. रक्ती हगवणीवर करडांना दिले जाणारे ॲम्प्रोलियम हे औषध थायमिनसारखीच रचना असलेले असते आणि त्याचे शोषण अडवते, म्हणून ते जास्त मात्रेत किंवा ठरल्यापेक्षा जास्त दिवस दिले तर हीच लक्षणे दिसतात. तोंडावाटे दीर्घकाळ दिलेली प्रतिजैविके आणि बुरशी लागलेला चारा यांमुळेही कोटीपोटाची घडी विस्कटते. गंधकाचे प्रमाण जास्त असलेला आहार हे आणखी एक कारण असून महाराष्ट्रात त्याकडे कमी लक्ष जाते. उसाची मळी आणि इथेनॉल कारखान्यांतून येणारे डीडीजीएस (धान्याचा उरलेला, वाळवलेला चोथा) स्वस्त मिळते म्हणून खुराकात सढळ हाताने मिसळले जाते, पण दोन्हींत गंधक बऱ्यापैकी असते आणि कोटीपोटात त्याचे हायड्रोजन सल्फाइड होऊन तो वायू थेट मेंदूला इजा करतो. गंधकामुळे झालेल्या आजारात थायमिन द्यायचेच असते, मात्र गुण कमी आणि सावकाश येतो. त्यामुळे डॉक्टरांना शेळीची लक्षणे सांगताना गेल्या पंधरा दिवसांत तिला काय काय खाऊ घातले, हेही न विचारता सांगावे.

दूध तोडल्यापासून दीड वर्षापर्यंतची करडे, पाठी (तरुण माद्या) आणि वजनासाठी बांधून ठेवलेले बोकड यांना धोका अधिक असतो. दिवसभर रानात पाला ओरबाडणाऱ्या उस्मानाबादी शेळीला हा आजार क्वचितच होतो. तीच शेळी सुगीत खळ्यावर शिरून ज्वारीच्या राशीत तोंड घालते, तेव्हा मात्र तीही सुटत नाही.

ओळखायचे कसे

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. शेळी खाणे सोडते, दात खाते, चालताना पाय लांब आणि उंच टाकते, हाक मारली तरी वळत नाही. पुढे ती आकाशाकडे पाहिल्यासारखी मान वर करते किंवा भिंतीला, दावणीच्या खुंट्याला डोके टेकवून दाबत राहते. नंतर बुबुळे थरथरतात, मान पाठीकडे वळून धनुष्यासारखी ताणली जाते आणि झटके येतात. ताप बहुधा नसतो. शेळीचे नेहमीचे तापमान 101.5 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते, पण झटके येत असतील तर स्नायूंच्या धडपडीने ते चढू शकते, म्हणून ते झटक्यांच्या मधल्या शांत वेळेत मोजावे.

दृष्टीची तपासणी मालकाला घरीच करता येते आणि तिचा निदानाला फार उपयोग होतो. शेळीच्या डोळ्यासमोर एक बोट हळूच, पण थेट डोळ्याच्या दिशेने न्यावे. सगळा तळहात जोरात नेऊ नये, कारण त्याच्या वाऱ्याने डोळा मिटतो आणि शेळीला दिसते असा गैरसमज होतो. बोट अगदी जवळ आले तरी पापणी हलली नाही, तर शेळीला दिसत नाही. मग अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन मोबाइलच्या टॉर्चचा उजेड डोळ्यावर टाकावा. आडवी बाहुली आकसली तर डोळा शाबूत आहे आणि बिघाड मेंदूत आहे. थायमिनच्या कमतरतेत बहुधा असेच आढळते. दुष्काळात महिनोन्‌महिने नुसत्या कडब्यावर राहिलेल्या शेळीला जीवनसत्त्व अच्या अभावाने अंधत्व येते, पण तिथे आधी संध्याकाळी दिसेनासे होते आणि बाहुली उजेडाला नीट प्रतिसाद देत नाही. तिचा उपचार वेगळा आहे.

सारखे दिसणारे इतर आजारही लक्षात ठेवावे लागतात. लिस्टेरिओसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजारात ताप असतो, एक कान लोंबतो, एका बाजूच्या गालात चारा साठून राहतो आणि शेळी एकाच दिशेने गोल फिरते. धनुर्वातात जबडा घट्ट बसतो, कान ताठ होतात, पण दृष्टी शाबूत असते, आणि बहुधा खच्चीकरणाची किंवा एखादी जुनी जखम सापडते. आंत्रविषार म्हणजे आतड्यातील जिवाणूंच्या विषाचा आजारही धान्य जास्त खाल्ल्यानेच होतो, पण तो काही तासांत जीव घेतो आणि हगवण लागू शकते. गिड म्हणजे पट्टकृमीच्या अळीचा मेंदूत धरलेला फोड आठवडे घेत वाढतो. विण्याला महिनाभर राहिलेल्या, पोटात जुळी असलेल्या शेळीत गाभणकाळातील विषबाधेचा विचार आधी करावा लागतो. या सगळ्यांच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायचा: गेल्या काही महिन्यांत या शेळीला कुत्रा चावला होता का? उत्तर हो असेल, किंवा तिचा आवाज बदलला असेल आणि लाळ गळत असेल, तर रेबीजची शक्यता धरून तोंडात हात घालू नये, लाळेला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि डॉक्टर येईपर्यंत तिला वेगळे बांधावे.

पहिले काही तास

डॉक्टरांना फोन सर्वांत आधी करावा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकारी मिळाले नाहीत तर 1962 या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते. ते येईपर्यंत खुराक पूर्ण बंद करावा. ॲम्प्रोलियम चालू असेल तर तेही थांबवून डॉक्टरांना तसे सांगावे. शेळीला शांत, अंधूक उजेडाच्या, मऊ जमिनीच्या जागी हलवावे. झटक्याच्या वेळी तिला दाबून धरू नये, डोके आपटणार नाही एवढीच काळजी घ्यावी.

या काळात एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, आणि ती म्हणजे तोंडातून काहीही ओतणे. गिळण्याची शक्ती गेलेल्या शेळीच्या घशात तेल, गूळपाणी, ताक किंवा हळदीचा काढा गेला की तो सरळ फुप्फुसात उतरतो आणि मेंदूच्या आजारातून वाचलेली शेळी चार दिवसांनी न्यूमोनियाने दगावते. गावाकडे बांबूच्या नळीने पाजण्याची सवय जुनी आहे, पण या आजारात ती घातकच ठरते.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे डॉक्टर येईपर्यंत वजन काढून ठेवावे. काटा नसेल तर टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी, घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. घेर 26 आणि लांबी 24 इंच असेल, तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास येते.

थायमिनची मात्रा

प्रचलित मात्रा दर किलो वजनाला 10 मिलिग्रॅम आहे आणि गंभीर अवस्थेत डॉक्टर ती 20 पर्यंत नेतात. पहिली मात्रा डॉक्टर शिरेतून, पातळ करून आणि सावकाश देतात, कारण शिरेतून झपाट्याने दिलेल्या थायमिनने जनावर कोसळू शकते. त्यानंतर पहिले 24 तास दर सहा तासांनी स्नायूत इंजेक्शन दिले जाते आणि गुण दिसू लागल्यावर दिवसातून दोन-तीनदा याप्रमाणे तीन ते पाच दिवस चालू ठेवले जाते. रात्रीची मात्रा चुकवू नये. डॉक्टर रात्री येऊ शकणार नसतील, तर मानेच्या किंवा मांडीच्या स्नायूत सुई कशी आणि कुठे द्यायची, हे त्यांच्याकडून दिवसाच समजून घ्यावे.

उपचार फसतात ते बहुतेक वेळा इथेच. पंचवीस किलोच्या शेळीला एका वेळी 250 मिलिग्रॅम थायमिन लागते. ज्या बाटलीत दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम आहे, तिच्यातले अडीच मिलिलिटर पुरते. 50 मिलिग्रॅम असेल तर पाच. आणि बी-कॉम्प्लेक्सच्या ज्या बाटलीत फक्त 10 मिलिग्रॅम आहे, तिच्यातले पंचवीस मिलिलिटर लागतात. म्हणजे असे साधे बी-कॉम्प्लेक्स ‘दोन मिली मारून’ दिले की शेळीला गरजेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी औषध मिळते आणि मग ‘इंजेक्शन देऊनही गुण आला नाही’ असे म्हटले जाते. बाटलीवरील थायमिन किंवा बी-1 समोरचा आकडा वाचल्याशिवाय सुई भरू नये. मात्रा मोठी असेल तर एका जागी पाच मिलिलिटरपेक्षा जास्त न देता वेगवेगळ्या ठिकाणी विभागावी. थायमिन पाण्यात विरघळणारे असून जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे निदानाबद्दल शंका असली तरी ते सुरू करून पाहण्यात डॉक्टर सहसा मागेपुढे पाहत नाहीत. गोळ्यांवर मात्र विसंबू नये, कारण ज्या कोटीपोटात थायमिन तोडणारे विकर भरलेले आहे तिथेच त्या जाऊन पडतात. ग्लुकोजची बाटलीही थायमिनची जागा घेत नाही. ते ग्लुकोज वापरण्यासाठीच मेंदूला थायमिन हवे असते.

मेंदूची सूज उतरवण्यासाठी डॉक्टर डेक्सामेथासोन किंवा मॅनिटॉल आणि झटक्यांसाठी डायझेपाम देऊ शकतात. शेळी गाभण असेल तर ते न विसरता सांगावे, कारण डेक्सामेथासोनने गाभ पडू शकतो. लिस्टेरिओसिसची शंका पूर्ण मिटलेली नसेल तर प्रतिजैविकही सोबत चालते.

लवकर उपचार मिळालेली शेळी काही तासांत ते एका दिवसात मान सैल सोडते, मग उठायचा प्रयत्न करते, मग चाऱ्याकडे तोंड वळवते. दृष्टी सर्वांत शेवटी येते. तीन दिवस पूर्ण मात्रा देऊनही काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासावे लागते, किंवा मेंदूची हानी फार पुढे गेली आहे असे धरावे लागते.

आडव्या पडलेल्या शेळीची सेवा

सुई देणे पाच मिनिटांचे काम असते, उरलेला दिवस सेवेचा असतो. शेळी कुशीवर सपाट पडून राहिली की कोटीपोटातील वायू बाहेर पडत नाही आणि ती फुगून मरू शकते. म्हणून तिला छातीवर बसवावे, पाय अंगाखाली दुमडावे आणि भुसा भरलेली दोन पोती दोन्ही कुशींना लावून टेकू द्यावा. मान पाठीकडे जात असेल तर पुढून घडी केलेले गोणपाट लावून ती सरळ ठेवावी. डोके शरीरापेक्षा किंचित उंच, पण तोंडाचे टोक खाली असावे, म्हणजे लाळ बाहेर ओघळते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी आणि प्रत्येक वेळी डाव्या कुशीवर हात ठेवून ती ताणली आहे का ते पाहावे. जमिनीकडचा डोळा घासून त्यात फूल पडते, म्हणून दोन्ही डोळे सलाइनने धुवावेत. खालचे ओले अंथरूण दिवसातून दोनदा तरी बदलावे, नाहीतर ढोपरांना आणि कमरेच्या हाडांना जखमा होतात.

गिळणे परत आले की नाही हे पाहण्यासाठी शेवरीचे किंवा बोरीचे एक कोवळे पान ओठांच्या कडेला धरावे. ती ते ओढून चावते आणि गळ्यावर गिळल्याची हालचाल दिसते, तेव्हाच उथळ परातीतून कोमट पाणी पुढे करावे. तोवर पाण्याची गरज डॉक्टरांनी सलाइनमधून किंवा पोटात नळी घालून भागवायची असते. पंचवीस किलोच्या शेळीला दिवसाला निदान सव्वा लिटर तरी लागते.

पाय कामाविना राहिले की दोन दिवसांत आखडतात. दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येक पाय हळूच वाकवून सरळ करावा आणि मांडीचे स्नायू चोळावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीखाली आणि पोटामागे हात घालून तिला उभे करावे. शिंगांना किंवा शेपटीला धरून उचलू नये. पोत्याला पायांसाठी चार भोके पाडून ते आडव्या वाशाला टांगले तर एकट्या माणसालाही हे जमते. मात्र पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ तिला टांगून ठेवू नये, कारण पोटावर दाब येऊन श्वास अडतो.

कोटीपोट पुन्हा चालू करणे

थायमिनच्या सुया थांबल्यावर शेळीला ते स्वतःच्या कोटीपोटातूनच मिळायला हवे, आणि पोट दुरुस्त न करता खुराक सुरू केला तर आजार उलटतो. पहिले काही दिवस आहार फक्त चाऱ्याचा असावा: वाळलेले गवत किंवा कडबा, तुरीचे भुसकट, आणि सुबाभूळ, शेवरी, हादगा, बोर, बाभूळ यांचा ताजा पाला. थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे. धान्य जास्त खाल्ल्याचा इतिहास असेल आणि गिळणे ठीक असेल, तर डॉक्टरांना विचारून मोठ्या शेळीला पंधरा-वीस ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून देता येतो.

सर्वांत गुणकारी उपाय बिनपैशाचा आहे. खात्रीशीर निरोगी, पाला खाणाऱ्या शेळीच्या कोटीपोटातील ताजे पाणी, जे कापलेल्या जनावराचे खाटकाकडे मिळू शकते, फडक्यातून गाळून ते गार होण्याआधी अर्धा लिटरपर्यंत नळीवाटे दिले की चांगले सूक्ष्मजीव तयार स्थितीत पोटात पोहोचतात. नळी पशुवैद्यकानेच घालावी. परत रवंथ सुरू झाली, लेंड्या सुट्या आणि टणक पडू लागल्या, डाव्या कुशीवर मूठ ठेवल्यावर मिनिटाला एक-दोन लाटा जाणवू लागल्या, की पोट रुळावर आले.

भरडा दहा दिवसांआधी देऊ नये. त्यानंतर दिवसाला 50 ग्रॅमपासून सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवावे आणि 25 किलोच्या जनावराला 250 ग्रॅमवर थांबावे. चारा आधी आणि भरडा नंतर, हा क्रम मोडू नये. मळी आणि डीडीजीएस या जनावराला पुन्हा देऊच नये असे माझे मत आहे.

न दिसणारी शेळी आणि उरलेला कळप

दृष्टी परतायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. या काळात शेळीला दोरीने बांधू नये, कारण ती गोल फिरून गळफास लावून घेते. खुंटे आणि खिळे काढलेल्या लहान कप्प्यात ठेवावे, पाणी आणि गव्हाण रोज त्याच जागी असावी आणि सोबतीला एखादी शांत पाठ असावी. हात लावण्याआधी तिला आवाज द्यावा. दृष्टी परतते आहे का, हे पाहण्यासाठी कापसाचा बोंडाएवढा पुंजका तिच्या डोळ्यांसमोरून खाली सोडावा. त्याचा आवाज होत नाही, त्यामुळे नजर त्याच्या मागे गेली तर ती पाहूनच गेली. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासावे, कारण एका बाजूची नजर आधी येऊ शकते. ती नजरेने अडथळे टाळू लागली आणि स्वतःचा चारा भांडून मिळवू लागली की मगच तिला कळपात सोडावे.

पाच-सहा आठवड्यांनंतरही अंधत्व कायम असेल, पण शेळी खाते-पिते, तर ती बंदिस्त गोठ्यात सांभाळता येते आणि करडेही वाढवते. डोके दाबत राहणे किंवा झटके चालूच असतील तर मात्र डॉक्टरांशी बोलून तिला वेदनामुक्त करण्याचा निर्णय घ्यावा. विक्रीसाठी पोसलेला बोकड बरा झाला तरी दिलेल्या प्रत्येक औषधाचा मांसासाठीचा वर्ज्य काळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि तो संपेपर्यंत बाजारात नेऊ नये, मग ईद तोंडावर असली तरी.

एका गव्हाणीत एक जनावर पडले म्हणजे त्याच खुराकावरची बाकीचीही उंबरठ्यावर असतात. त्याच दिवशी सगळ्यांचा भरडा निम्म्यावर आणावा, पाला वाढवावा, बुरशी दिसेल ते पोते बाहेर काढावे आणि पुढचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ कळपातून फिरताना बाजूला उभे राहणारे, वैरणीला उशिरा येणारे, मान वर धरणारे जनावर हेरावे. असे एखादे दिसले तर त्याच्या झटक्यांची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने थायमिनची पहिली सुई त्याच वेळी द्यावी.